एक्केचाळिसावी पायरी

कचेरीतल्या कारकुनानं ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा रत्नम्माला आधी बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच बरं वाटलं. भर गर्दीत कुणी आपलं माहेरचं नाव घेऊन हाक मारावी तसं. कारकून गालात सुपारी धरून पिवळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तिकेतून कंटाळल्या आवाजात वाचत होता: 'येथील पुरातन बारव गावाचे भूषण असून तिचे पाणी कोणत्याही दुष्काळात आटलेले नाही.' वाचून झाल्यावर त्यानं पुस्तिका मिटली आणि हिंगणजवळग्याचा टँकरचा अर्ज तिच्याकडं परत सरकवला. बाई, तुमच्या गावात तर गंगा हाय, असं म्हणाला. रत्नम्मा त्या गावात मास्तरीण, राहायला लातूरला, रोज एसटीनं जाणारी-येणारी, म्हणून सरपंच शेषेरावांनी अर्ज तिच्या हाती दिलेला. कारकुनाचंही फार चुकलं असं नव्हतं. जिल्हा होऊन चार वर्षंसुद्धा झाली नव्हती, जुनी कागदपत्रं अजून उस्मानाबादलाच, मागून मागून थकले तरी येईनात. मग कोणत्या गावात काय आहे हे बघायला टेबलावर एवढीच पुस्तिका. आणि साहेबांनी लिहिलेली, तो म्हणाला, मल्लिकार्जुन साहेबांनी, त्यात चूक कशी असंल. तोवर रत्नम्माचं बरं वाटणं ओसरलं होतं. कारण 'भूषण असून' मधला तो 'असून' तिचा होता. 'पुरातन' तिचं होतं. सबंध वाक्य पूर्णविरामासकट तिच्या निळ्या वहीतलं होतं, आणि ते धादांत चुकीचं होतं. बारव संक्रांतीपासून कोरडी ठणठणीत पडली होती.

सांगता आलं असतं. त्याच जागी, टेबलाला हात टेकून म्हणता आलं असतं, की बाबा रे, हे मीच लिहिलंय, न बघता लिहिलंय, खोडून टाक आणि टँकर धाड. शब्द जिभेवर आलेही होते. पण ती तशीच बाहेर आली, गंजगोलाईच्या पेठेच्या बाजूनं चालत सुटली, आणि चालता चालता तिच्या अंगात गरम गरम काहीतरी चढत गेलं. चूक कुणाची, तर मल्लिकार्जुन साहेबांची. असं तिचं म्हणणं नव्हे, कचेरीचं म्हणणं होतं. छापील पुरावा होता. तीन वर्षं ज्या काठीनं तिनं मार खाल्ला, तिचं दुसरं टोक आज आपसूक तिच्या हाती आलं होतं. रस्त्याकडेच्या नळावर रिकाम्या घागरींची रांग लागलेली, त्यातली एक बाई तिच्याकडं बघत राहिली. मास्तरीणबाई भर उन्हात एकटीच हसत चालल्यात म्हटल्यावर कोण बघणार नाही.

जिल्हा नवा झाला तेव्हा सगळ्यांत मोठी पंचाईत तिसरीच्या पोरांची झाली. भूगोलाच्या पुस्तकात उस्मानाबाद आणि बाहेर लातूर. नवं पुस्तक येईना. तेव्हा मल्लिकार्जुन शहरातल्या एका शाळेचा मुख्याध्यापक होता, उदगीरचा, रत्नम्माच्या माहेरच्या गल्लीतला, दोन वर्षांनी धाकटा, तिला अक्का म्हणणारा. नाव देवाचं आणि बोलणं साखरेचं. अक्का, आपणच पुस्तक करू, तुम्ही गावं फिरा, मी छापायचं बघतो, दोघांची नावं टाकू. ती फिरली. पाच तालुके, त्र्याऐंशीचा सगळा उन्हाळा, नंतरचे शनिवार-रविवार. तुटलेल्या चपलेला सुतळी बांधून फिरली. कुठं काय पिकतं, बाजार कधी भरतो, ओढा कुठून येतो, देवळाला पायऱ्या किती. रात्री पाय मिठाच्या पाण्यात आणि मांडीवर वही. मल्लिकार्जुन ती वही घेऊन नांदेडच्या छापखान्यात गेला आणि दीड महिन्यानं पुस्तिकांचे गठ्ठे घेऊन आला. आत नाव एकट्याचं. प्रस्तावनेच्या बुडाला एक ओळ, 'काही शिक्षकांनी सहकार्य केले.' काही शिक्षक! ती काही शिक्षक होती. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या ह्या. तिनं विचारलं, तेही साध्या आवाजात, शिक्षकांच्या सभेत चहा चालू असताना. तो हसून म्हणाला, "बाई, चिंचा गोळा करणारीनं झाड मीच लावलं म्हणू नये." पन्नास-साठ माणसं हसली. अक्काची बाई झाली ती तिथंच. पुढच्या वर्षी तो विस्तार अधिकारी झाला, जीपमधून शाळा तपासायला लागला, आणि रत्नम्मा चिंच खायची सोडून देऊन आमटीत आमसूल घालायला लागली. नवरा, वीरण्णा, कापडाच्या दुकानात कामाला, भला माणूस, तो म्हणायचा, सोड की आता, डूख धरायला तू काय नागीण हायेस. ती नागीणच होती.

त्या संध्याकाळी पूजेला बसली, डाव्या तळहातावर इष्टलिंग, डोळे अर्धे मिटलेले. रोज ह्या वेळी मन थोडं तरी निवायचं. आज तळहाताकडं बघितलं की मल्लिकार्जुनचं तोंड दिसायचं, त्या चहाच्या दिवशीचं, मिशीला लागलेल्या साईसकट. देवा, माझ्या हातून वाईट होऊ देऊ नको, असं म्हणायला पाहिजे होतं. म्हणाली नाही. विभूती लावली, उठली आणि एका बैठकीत पत्र लिहिलं. आदरणीय साहेब, आपल्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाल्याचे समजले, आमच्या शाळेतील मुले आपले पुस्तक आवडीने वाचतात, तरी येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी येऊन वाचनाचा पाठ पाहावा, ग्रामस्थांच्या वतीने सत्कार योजिला आहे. अक्षर कसं मोत्यासारखं. पत्र पेटीत टाकताना तिनं बोटावर दिवस मोजले. अकरा. म्हणजे अकरा दिवस टँकर येणार नव्हता. हे तिला कळत होतं. कळत नव्हतं असं तिनं पुढं स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं, पण बोटं तिनंच मोजली होती.

दुसऱ्या दिवशीपासून तिसरीचा वर्ग पेटला. पोरांना वाचायला यायचं, पण सगळं वाचायचं ते गोष्टीसारखं. पहिल्यांदा पुस्तिका दिली तेव्हा 'जिल्ह्यात पाच तालुके आहेत' एवढं वाचून पोरं थांबली आणि विचारायला लागली, मंग म्होरं काय झालं? राजा कुठंय? कोण मेलं? रत्नम्माला एरवी हसू आलं असतं. ह्या खेपेला तिनं ब्रश घेतला आणि फळ्याच्या वरच्या अंगाला, कुणी पुसू नये म्हणून पांढऱ्या रंगानं, चार ओळी लिहिल्या. कोण सांगतंय? त्यानं स्वतः बघितलं का? नसेल तर त्याला कुणी सांगितलं? आपण जाऊन बघू. गोष्ट असते ती ऐकायची, ती म्हणाली, आणि माहिती असते ती तपासायची. गोष्टीतल्या राक्षसाला कुणी पत्ता विचारत नाही. माहितीला विचारायचा. मग थांब्यावरच्या पाटीवरचं एसटीचं वेळापत्रक वर्गात आलं: सकाळची गाडी आठ दहा. पोरांनी पाच दिवस थांब्यावर बसून सूर्य, सावली आणि पोस्टमनचं घड्याळ यांच्या साक्षीनं लिहून काढलं की गाडी एकदाही नवाच्या आत आली नाही. बियाणाच्या रिकाम्या पिशवीवरचा मजकूर आला. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी आली. पोरं अशी भुकेजल्यासारखी वाचायला लागली की मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहायचे. इतकं चांगलं रत्नम्मानं बारा वर्षांत कधी शिकवलं नव्हतं. कशासाठी शिकवतोय हे आठवलं की तिला हातातला खडू जड लागायचा. मग ती साईसकट ती मिशी आठवायची आणि पुन्हा हलका व्हायचा.

सगळ्यांत पुढं साखरा. आठ वर्षांची, पोरीच्या मानेचा मागचा भाग घागरीच्या ओझ्यानं आत्ताच आखडलेला. गावातल्या बाया-पोरी दोन कोसांवरच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायच्या, म्हणून साखरा रोज अर्धा तास उशिरा यायची, ओल्या परकरानं दारात उभी राहायची आणि आधी फळ्यावरच्या चार ओळी वाचून मगच बसायची. सहाव्या दिवशी रत्नम्मानं पान तेवीस काढायला लावलं. आपल्या गावाचं पान म्हटल्यावर पोरं खुलली. बारवेचं वाक्य आलं. कोण सांगतंय? साहेब. खरं हाय का? ज्या पोरांनी एसटी महामंडळाला खोटं पाडलं, ती पोरं माना खाली घालून पाटी खरवडत बसली. रत्नम्मानं पुन्हा विचारलं, दटावलं, शेवटी साखरा उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, बारव आटली आसं म्हणायचं नसतंय. आत आसरा ऱ्हात्यात."

रत्नम्मा खुर्चीवर बसली. म्हणजे असं होतं तर. सात आसरा, पाण्यातल्या देवी, बारवेत राहतात, आणि त्यांच्या घरात पाणी नाही असं तोंडानं म्हणणं म्हणजे सवाष्णीला पांढरं कपाळ म्हणणं. गावात कुणीच म्हणत नव्हतं. शेषेरावांच्या अर्जातसुद्धा 'पाण्याची अडचण आहे' एवढंच, बारवेचं नाव नाही. आणि तिला एकदम तो मे महिना आठवला. हेच गाव, इथं बदली होण्याच्या आधीचं, तिच्या यादीतलं अडतिसावं, टाचेला फोड आलेला, आणि ओसरीवर बसलेली कोंडाबाई नावाची म्हातारी, जिनं आधी गूळ दिला आणि मग तांब्याभर पाणी. बारवेचं हाय म्हणाली. कधीच आटत न्हाई माय, बहात्तरलाबी न्हाई. म्हातारीनं बोलता बोलता दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला होता. रत्नम्मानं बघितला होता तो हात. देवाचं नाव निघालं की लावतात तसा. पण ती लिहीत होती. बारव उताराला, दोन शेतं ओलांडून. ऊन डोक्यावर, चारची गाडी शेवटची. जाऊन बघायला पाव तास लागला असता. तिनं वही मिटली आणि गाडी पकडली. म्हातारी प्रार्थना करत होती, आणि ही शिकलेली बाई ती माहिती म्हणून उतरवून घेत होती. कोंडाबाई मागच्या दिवाळीत गेली. आता त्या ओसरीवरचं कुणालाच माहीत नव्हतं, एका रत्नम्माशिवाय. ह्या विचारानं तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची शिसारी आली. दोन्ही एकदमच.

पण डाव सोडायचा नव्हता. तोंडानं म्हणू नका, ती पोरांना म्हणाली, आपण मोजू. दुपारी सगळा वर्ग बारवेवर गेला. उतारावरून, दोन शेतं ओलांडून, खरंच पाव तास. रत्नम्मा वरच्या कठड्याशी थांबली आणि पोरं चपला काढून, पाया पडून, एकेक पायरी मोजत उतरली. मोठ्यानं मोजण्याचा तो आवाज खाली खाली जाताना घुमत गेला आणि एक्केचाळीसला थांबला. थोड्या वेळानं साखरा वर आली ती तळव्याला लागलेली माती दाखवत. भुरभुरीत, पिठासारखी. पाटीवर तिनं लिहिलं, 'बारवेला एक्केचाळीस पायऱ्या आहेत. मी शेवटच्या पायरीच्या खाली उभी राहिले. माझे पाय ओले झाले नाहीत.' रत्नम्मानं ते तीनदा वाचलं. निंदा नाही, नवस नाही, आणि आसरांनी रागवावं असा एक शब्द नाही. तिच्या निळ्या वहीत, एवढ्या गावांच्या माहितीत, असं एक वाक्य नव्हतं. तिला पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच क्षणी मनात आलं, हे वाचल्यावर त्याचं तोंड कसं होईल. पोरीला जवळ घ्यायचं राहून गेलं.

शुक्रवारी जीप आली. शाळेपुढच्या लिंबाखाली सतरंजी, शाल, नारळ, आणि गाव लोटलेलं, कारण अर्ज कोणत्या ओळीपायी माघारी आला ते रत्नम्मानं शेषेरावांना सांगितलं होतं आणि त्यांनी घरटी निरोप दिला होता. मल्लिकार्जुन साहेब सुटले होते, मिशी पांढरी व्हायला लागली होती. रत्नम्माला नमस्कार करून म्हणाले, बाई, तुम्ही मनातलं काढून टाकलं, लई बरं झालं. ती म्हणाली, हाव साहेब, काढलं. मग साहेबांनी दुसरी आवृत्ती उघडून साखराकडं दिली आणि पान तेवीस वाच म्हणाले. पोरीनं न अडखळता वाचलं. साहेबांनी खूश होऊन नेहमीचा प्रश्न टाकला, तर मुलांनो, बारवेचे पाणी कधी आटत नाही? ह्याला सगळ्या वर्गानं एका सुरात 'कोणत्याही दुष्काळात' म्हणायचं असतं. त्याऐवजी साखरानं पुस्तक मिटून पाटी उचलली आणि पाटीवरची तीन वाक्यं वाचली. एक्केचाळीस पायऱ्या. शेवटच्या पायरीच्या खाली. माझे पाय ओले झाले नाहीत. बायांच्या घोळक्यात कुणीतरी कानाच्या पाळ्यांना हात लावला. नंतर पोरीनं साहेबांकडं बघून, वर्गात बोलतात तसं सरळ विचारलं, "साहेब, तुमी सवता बघितलं व्हतं का?"

शेषेराव उठले. पागोटं सारखं केलं. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "साहेब, ह्या एका वळीपायी आमचा अर्ज माघारा आला. अकरा दिस आमच्या बाया दोन कोस चालून ऱ्हायल्यात." अकरा हा रत्नम्मानंच बोटावर मोजलेला आकडा. पण ती मल्लिकार्जुनकडंच बघत होती, कारण हे बघायला ती तीन वर्षं जगली होती. त्याची बोटं पानांवर उगाच फिरायला लागली, आणि मग त्यानं वर बघितलं, सगळ्या गावासमोर, जीपच्या ड्रायव्हरसमोर, मुख्याध्यापकांसमोर, आणि म्हणाला, "अक्का, सांगा ह्यांना. सगळी माहिती तुम्हीच काढली होती. सबंध पुस्तक तुमच्याच वहीवरून केलंय."

म्हणाला. एकदाचं म्हणाला. हेच ऐकण्यासाठी तिनं किती रात्री उशाला कान लावून त्याच्या तोंडी हीच वाक्यं घातली होती, सभेत, चहाच्या वेळी, शाल पांघरताना. शब्दसुद्धा तेच. फक्त आज त्यांना होय म्हटलं तर सगळं गाव तिच्याकडं वळणार होतं, आखडलेल्या मानेच्या सगळ्या बाया. होय म्हटलं तर पुस्तक तिचं. सगळी गावं तिची, तो उन्हाळा, ती सुतळी बांधलेली चप्पल. आणि ही एक ओळ. लिंबाची पानं पिकून गळत होती, एक सतरंजीवरच्या शालीवर पडलं. रत्नम्मानं ते बघितलं आणि तिला कळलं की ती काय बोलणार हे तिचं आधीच ठरलेलं आहे.

"साखरा," ती म्हणाली, "पुस्तकावर नाव कुणाचं हाय ते वाच गं."

साखरानं मुखपृष्ठ बघितलं, मग आतलं पान, मग नीट उभं राहून वाचलं, लेखक, श्री. मल्लिकार्जुन संगप्पा, आणि पुढं त्यांच्या पदव्या, एकही न गाळता. मग प्रस्तावनेवरून बोट फिरवून म्हणाली, दुसरं कुणाचं नाव न्हाई बाई. झालं. पुढचं सगळं रत्नम्मानं सांगितलं तसं घडलं. साहेबांनी शाळेच्या कागदावर लिहून दिलं की सदर माहिती चुकीची असून हिंगणजवळगा येथे तातडीने टँकर मिळावा. 'मी स्वतः पाहिलेले नाही' हे घालायचं राहिलं साहेब, ती म्हणाली, आणि त्यांनी तेही घातलं. शाल-नारळ सतरंजीवर तसेच राहिले. जीपपर्यंत ती रीत म्हणून पोचवायला गेली तेव्हा तो दार धरून हळू म्हणाला, अक्का, एक कार्ड टाकलं असतं तरी मी दुरुस्त केलं असतं, गावाला कशाला तहानलेलं ठेवलं. खरंच केलं असतं त्यानं, हे तिला त्याच्या आवाजावरून कळलं. "चिंचा गोळा करणारीनं झाडाला काय सांगावं, साहेब," ती म्हणाली. तीन वर्षं घासून धार लावलेलं वाक्य. त्यानं मान खाली घातली आणि जीप धुरळ्यात गेली. तिला वाटलं होतं, आता आत थंड वाटेल. थोडं वाटलंही. उन्हातून आल्यावर पाण्याचा पहिला घोट घशातच संपावा, तेवढं.

शेषेराव तो कागद घेऊन लातूरच्या गाडीला पळाले, बाया घागरी घेऊन मळ्याकडं निघाल्या, आणि लोक म्हणत होते की ह्या बाईनं गाव तारलं. एकीनं जाता जाता तिच्या पायांना हात लावला. रत्नम्मा पिशवी उचलायला वर्गात आली तर साखरा एकटीच बाकावर बसून होती, वही उघडी, नजर फळ्याच्या वरच्या अंगाला. चारची गाडी व्हायला थोडाच वेळ होता. पोरीनं पहिल्या ओळीपुढं लिहिलं होतं, साहेब. दुसरीपुढं लिहिलं होतं, नाही बघितले. पेन्सिल तिसरीवर अडली होती.

"बाई, मंग साहेबांना कुणी सांगितलं?"

रत्नम्मानं पिशवीचा बंद खांद्यावर सरकवला. पोरीच्या नखांत अजून ती पिठासारखी माती होती. तुम्हीच ना, असं पोरीनं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण तिच्या मनात तसलं काही नव्हतंच. तिचा प्रश्न साधा होता, शिकवल्याप्रमाणं विचारलेला. साहेब अक्का म्हणून काय म्हणाले ते तिनं ऐकलं होतं, पण ते पुस्तकात छापलेलं नव्हतं, आणि छापील नावाला पुरावा म्हणतात हे आज बाईंनीच शिकवलं होतं.

"मला न्हाई माहीत," रत्नम्मा म्हणाली.

साखरानं मान हलवली. बाई खोटं बोलतात हा विचार ज्या मुलखातून येतो तो तिच्या नकाशात अजून नव्हता. तिनं जीभ दातात धरून, सावकाश, रेघेला धरून लिहिलं, 'साहेबांना कोणी सांगितले ते बाईंना माहीत नाही.' शेवटी पूर्णविराम दिला, पुन्हा एकदा वाचून बघितलं आणि वही पुढं केली. बरोबर हाय का, तपासा म्हणाली. एसटीचा भोंगा थांब्याच्या बाजूनं ऐकू आला. आज गाडी वेळेवर आली होती. रत्नम्मानं टेबलावरची लाल पेन्सिल घेतली, वाक्यातलं शुद्धलेखन बघितलं आणि त्याच्यापुढं बरोबरची खूण केली.